मागचं चाक

करंगसारी
रविवार, पाच बाजारवारांपैकी लेगीचा बाजार, १३ नोव्हेंबर १९९४

कांग विर्यादी, माझ्या थोरल्या भावास,

पत्र माझं आहे, धाकट्या साप्तोनोचं. पाच वर्षांत अक्षर बदललं, म्हणून आधीच सांगतो. फाडायचं असेल तर शेवटचा प्रश्न वाचून मग फाड. तो प्रश्न इंजिनाचा आहे, घरचा नाही.

पत्ता सुतार्जोच्या आईकडून घेतला. ती म्हणाली, तू समुद्रापलीकडे साम्पितला तिच्या मुलाच्याच लाकडाच्या गिरणीत आहेस, मोठ्या करवतीवर, आणि दहाही बोटं शाबूत आहेत. "पोरगा बरा आहे," म्हणाली, "फक्त गावाचा विषय निघाला की उठून हात धुवायला जातो." यापेक्षा जास्त मी विचारलं नाही.

बातमी अशी की बाबांचं बदक, आपली जुनी गाडी, बाहेर निघालं. कोंबड्यांच्या खोपटात इतकी वर्षं भिंतीला टेकून होतं. सीटवर कोंबड्या अंडी घालायच्या, आई रोज सकाळी ती गोळा करायची, आणि ही मोटारसायकल आहे असं घरात कुणी म्हणत नव्हतं. मागच्या आठवड्यात भंगारवाला आला. बाबा ओट्यावर पाय लांब करून बसले होते. त्याच्याकडे न बघता म्हणाले, "ने." आई आतून बाहेर आली, हातात झारा तसाच. "किलोवर नेणार? आपल्या घरातल्या प्रत्येकाच्या पोटात गेलेला भात त्या गाडीनं आणलाय, आणि ती किलोवर?"

मी म्हणालो, "मला द्या."

बाबांनी भंगारवाल्याला हातानं जायला खुणावलं. मग म्हणाले, "घे. पण तिचा आवाज माझ्या दारात ऐकू आला नाही पाहिजे."

म्हणून मी ती ढकलत परकनला नेली, सात किलोमीटर. मी आता तिथे पाक कास्दींच्या गॅरेजमध्ये असतो. आठवी अर्धी सोडली हे तुला माहीत नसेल. पाक कास्दींनी गाडीभोवती एक चक्कर मारली आणि म्हणाले, "हे बदक नव्हे रे, हाडं आहेत. याचा रस्सासुद्धा होणार नाही." पण जागा दिली, मागच्या भिंतीपाशी, पत्र्याखाली.

प्रश्न असा: तू आणि बाबा सिलिंडर बोअर करायला मागेलांगला गेला होतात. मला घरी ठेवलं होतं, मी रडलो होतो. तेव्हा पिस्टन कितीचा घातला, पंचवीसचा की पन्नासचा? इंजिन जाम आहे, उघडायला वेळ लागेल. आता बोअर केलं की त्याहून एक माप मोठा पिस्टन लागेल, आणि तो मागवला तर यायला महिना जातो, म्हणून आधी विचारतो.

तुझा धाकटा,
साप्तोनो


करंगसारी
रविवार, वागेचा बाजार, ११ डिसेंबर १९९४

कांग,

तुझं कार्ड मिळालं. त्यावर फक्त "५०" लिहिलंय. वर नाव नाही, खाली नाव नाही. पण पाचाची शेपटी तू अजून तशीच उजवीकडे ओढतोस.

आईनं विचारलं, काय लिहिलंय. मी म्हणालो, खुशाली. तिनं कार्ड आरशाच्या चौकटीत खोचलं. बाबा सकाळी तिथेच केस विंचरतात. त्या दिवशी कंगवा मधेच थांबला, मग पुन्हा चालू झाला. कार्ड त्यांनी काढलं नाही, एवढं लिहितो.

इंजिन सुटलं. प्लगच्या भोकातून डिझेल ओतलं आणि चार दिवस हात लावला नाही. पाचव्या दिवशी मॅग्नेटच्या नटाला पाना लावून एक सूत पुढे, एक सूत मागे, असं हलवत बसलो. दुपारपर्यंत काही नाही, आणि मग एकदम आतून सुस्कारा टाकल्यासारखा आवाज आला. पाक कास्दी भात खात होते, हात तसाच घेऊन आले. "मेलेल्याला उठवलंस की काय?" पिस्टन बाहेर काढला तर डोक्यावर "५०" कोरलेलं. तुझं खरं निघालं. आता पंच्याहत्तरचा बसेल. त्यानंतर अजून एकदाच बोअर करता येईल.

साखळीचं झाकण काढल्यावर आत तंबाखूचा चुरा सापडला, पाच वर्षांपूर्वीचा, अजून वास असलेला. मी तो झटकला नाही लगेच. त्या वासानं मला आपलं तंबाखू वाळवायचं पटांगण आठवलं. सुगी संपली की बांबूचे तट्टे उचलले जायचे आणि ते पटांगण आठ दिवस आपलं असायचं. तू मला पुढे बसवायचास, आरशांच्या दांड्या धरायला लावून. "बदकाला क्लचची मूठ नाही," म्हणायचास. "दोन पाय आणि एक हात पुरे. डोकं घरी ठेवून आलास तरी चालतं, तुला तर सोपंच आहे." मी घाबरून दोन्ही पाय वर घ्यायचो आणि तू मागून ओरडायचास, "अरे, हे बदक तुला पाडणार नाही, तूच त्याला पाडशील." बाबा तिकडून येताना दिसले की गाडी बंद करून आपण दोघं ती पुसत असल्यासारखं करायचो. बाबा इंजिनला हात लावायचे, चटका बसायचा, आणि म्हणायचे, "पुसून पुसून तापली वाटतं."

मी अजून गाडी चालवत नाही. लोकांच्या दुरुस्त करतो, पण चालवून बघतात पाक कास्दी. ते म्हणतात, "पोहता न येणारा होड्या बांधतो, तसा तू." मी हसतो. कारण सांगत नाही.

कार्बुरेटर धुतला, पॉइंट घासले, क्लचच्या प्लेटा नव्या घातल्या, पुढचे ब्रेक लायनर बदलले. मागचं चाक अजून उघडलं नाही.

साप्तोनो


करंगसारी
रविवार, वागेचा बाजार, १५ जानेवारी १९९५

कांग,

उत्तर नाही आलं. मी प्रश्नही विचारला नव्हता, तेव्हा बरोबरच आहे.

बदक सुरू झालं, गुरुवारी. दुसऱ्या किकला. पाक कास्दींनी स्टूल आणून तिच्याशेजारी ठेवलं आणि तासभर नुसते ऐकत बसले. नवा पिस्टन आहे, म्हणून पहिले पाचशे किलोमीटर चाळिशीच्या वर न्यायची नाही, चढाला ओढायची नाही, ओझं लादायचं नाही. गॅरेजच्या भिंतीवर मी तक्ता केलाय. ते रोज पाच-सहा किलोमीटर फिरवून आणतात आणि मी आकडा लिहितो. आवाज तोच आहे. डोळे मिटले की वाटतं, पहाटे बाबा निघाले, मागे टेम्प्याच्या, आंबवलेल्या सोयाबीनच्या वड्यांच्या, दोन टोपल्या, आणि आई आत म्हणतेय, "जमीन वाळेपर्यंत सगळे पाय उचलून बसा, ओल्या पायांचे ठसे नकोत."

आता जे लिहितो ते तीनदा लिहून खोडलं. हा चौथा कागद.

ती चालवून बघायला न्यायच्या आधी पाक कास्दी म्हणाले, "मागचं चाक कधी उघडणार? दोन महिने त्याच्या भोवती मांजरासारखा फिरतोयस." मी म्हणालो, चाक ठीक आहे. "ठीक आहे? या चाकानं तुझ्या बापाचा गुडघा खाल्ला, आणि ठीक आहे?" त्यांनी स्वतःच पाना घेतला आणि खाली बसले.

ब्रेकच्या पाट्याला जी लोखंडी पट्टी धरून ठेवते, ती तुला माहीत आहे. तिचं एक टोक फ्रेमला, एक पाट्याला. ती सुटली तर ब्रेक दाबल्यावर पाटा चाकाबरोबर गरकन फिरतो, ब्रेकचा गज ओढला जातो आणि चाक जाम होतं. म्हणूनच तिच्या नटाला स्प्लिट पिन असते, नट उलटा फिरू नये म्हणून. पट्टी सुटून लोंबत होती. बोल्ट भोकात अडकून तसाच, नट गायब. पाक कास्दींनी बोल्ट काढला, फुंकर मारली, उजेडात धरला. पिनेच्या भोकात काहीतरी काळं अडकलेलं होतं. त्यांनी सुईनं ते बाहेर काढलं.

"बांबू," ते म्हणाले. त्यांनी ते दातांत धरून बघितलं. "बांबूची काडी आहे ही. ब्रेक आवळलाय की टेम्प्याचं पुडकं बांधलंय? कोणत्या शहाण्याचं काम हे?"

मी फडक्यानं हात पुसत होतो.

म्हणालो, "कांगचं असेल."

"विर्यादीचं?" ते म्हणाले. "त्याच्याकडून नव्हतं वाटलं."

एवढंच झालं. त्यांनी नवा नट आणि नवी पिन घातली, पिनेची दोन्ही टोकं वाकवली आणि हात धुवायला गेले. ती काडी त्यांनी तिथेच टाकली.

या वेळी मी तोंडानं तुझं नाव घेतलं, कांग.

साप्तोनो


करंगसारी
रविवार, पाहिंगचा बाजार, १२ फेब्रुवारी १९९५

कांग,

रोजे चालू आहेत, बारावा आज. मागचं पत्र पोस्टात टाकल्यापासून एकदाही धड झोप नाही. ते पत्र तुला कळलं असेल. कळावं असं मी लिहिलं होतं आणि कळू नये असंही लिहिलं होतं. आता सरळ लिहितो.

ती काडी माझी आहे.

त्या शनिवारी दुपारी बाबांनी मला साखळीला तेल घालायला सांगितलं होतं, एवढंच. चाकाला हात लावू नकोस, असंही सांगितलं होतं. मला वाटलं, चाक काढून आतून साफ करून ठेवलं तर बाबा म्हणतील, हा पण कामाचा आहे. मी तेरा वर्षांचा होतो आणि सगळं काम तू करायचास. चाक काढलं, पुसलं, परत बसवलं. पण काढताना स्प्लिट पिन मोडली. जुनी होती, दोन तुकडे झाले. सांगायला गेलो असतो तर चाक उघडलं हे कळलं असतं. आईच्या टोपलीत टेम्प्याची पानं टोचायच्या काड्या होत्या. एक घेतली, चाकूनं तासून बारीक केली, भोकात ठोकली, दोन्ही बाजूंनी सारखी कापली. फार नीट बसली होती. आपल्याकडे तंबाखूचे तट्टे बांबूच्या काडीवर उभे राहतात, स्वयंपाकघराची भिंत राहते, वाऱ्यापावसात राहते. मला खरंच वाटलं की ब्रेकही राहील.

मग संध्याकाळी तू न विचारता गाडी घेऊन क्लेदुंगला वेताच्या घोड्यांचा नाच बघायला गेलास. मी दारात होतो. तू म्हणालास, "बाबांना सांगितलंस तर बघ," आणि मी मान हलवली. तू तिकडच्या उतारानं परत आलास, कांग, तीच काडी घेऊन. लोक म्हणाले, मागे दोन मुली होत्या आणि गाडी उडत होती. तुझ्यासाठी ती काडी टिकली. हे मी नेहमी मनात आणतो आणि पुढे विचार करवत नाही.

सकाळी बाजाराच्या उतारावर ती बाबांसाठी टिकली नाही; चाक जाम झालं आणि गाडी वळणावरच्या भिंतीला लागली. हाडवैद्यानं पाय बांधला तेव्हा बाबा ओरडले नाहीत, आणि नंतर पडल्या पडल्या त्यांनी तुला विचारलं, "काल जोरात आलास का?" तू खोटं बोलला नाहीस. हो म्हणालास. ते म्हणाले, "गाडी मोडून ठेवलीस आणि मला सांगितलं नाहीस. मी बोलावेपर्यंत तोंड दाखवू नकोस." मी खांबाशी उभा होतो. मला वाटलं, आता तू म्हणशील की मी काही मोडलं नाही. तू काहीच म्हणाला नाहीस. तुलाही वाटलं असणार की तूच मोडली.

पहाटे कोबीच्या ट्रकवर चढताना तू मला म्हणालास, "बाबांकडे बघ. आणि साखळीला तेल घालत जा."

त्यानंतर पाच ईदा झाल्या. पाचही वेळा मी बाबांच्या खुर्चीपुढे गुडघे टेकले, त्यांच्या मांडीवर डोकं ठेवलं आणि सगळे म्हणतात तेच म्हणालो: जे चुकलं ते आतलं-बाहेरचं, कळत-नकळत, सगळं माफ करा. पाचही वेळा त्यांनी डोक्यावर हात ठेवून म्हटलं, केलं. त्यात नाव घेऊन काही सांगायची रीत नाही. त्यामुळे मला पाच वेळा माफी मिळाली, एका गोष्टीची, जी मी सांगितलेलीच नाही. मी ती घेतली आणि त्याच दिवशी ईदचं रेंदांग, मसाल्याचं मांस, पोटभर खाल्लं.

तुला सांगून भागत नाही, हे मला कळतं. शब्द बाबांचा आहे. तो फक्त त्यांनाच मागे घेता येतो, आणि त्यांना माहीत असल्याशिवाय ते घेणार नाहीत. ईदला अठरा-एकोणीस दिवस आहेत. तुला लिहून ठेवतो म्हणजे मला पळता येणार नाही.

साप्तोनो


करंगसारी
रविवार, पोनचा बाजार, ५ मार्च १९९५

कांग,

परवा ईद झाली. मी सांगितलं.

नेहमीसारखी सगळ्यांची रांग होती, वयाप्रमाणे. बाबा खुर्चीत, पाय पुढे स्टुलावर. आधी आई, मग सुमिनाह मावशी आणि तिचा नवरा, मग मी, माझ्या मागे मावशीची चार पोरं. मी रात्रभर वाक्य पाठ केलं होतं. मोठ्यांशी बोलायची जी आदराची भाषा, तीत नट, पाटा, पिन कसं म्हणायचं हेच मला येत नव्हतं, म्हणून ते शब्द रोजच्या भाषेतले घातले. ऐकायला फार वाईट लागलं असणार. मी म्हणालो, "मागच्या चाकाची पिन मी मोडली होती. तिच्या जागी बांबूची काडी मी घातली होती. कांगनं गाडीला काही केलं नव्हतं. तुमचा पाय माझ्यामुळे गेला आणि मी कांगवर येऊ दिलं."

डोक्यावरचा हात तिथेच होता. उचलला नाही, दाबला नाही. मी बाबांच्या लुंगीचे चौकोन मोजत होतो.

मग बाबा म्हणाले, "पुढचा."

मी हललो नाही. मावशीच्या थोरल्यानं मला मागून ढकललं. मावशी म्हणाली, "अरे सरक की, रांग आहे. आजच्या दिवशी काय कोर्टात उभा राहिलास?" मी सरकलो. बाबांनी चारही पोरांना माफ केलं, प्रत्येकाला गोळी दिली.

आई स्वयंपाकघरात आली आणि झाकण न काढता पातेल्यापुढे उभी राहिली. "नाव घेऊन कुणी माफी मागतं का? पाहुण्यांसमोर?" तिनं माझ्याकडे वळून विचारलं, "खरं आहे?" "खरं आहे." "काडी माझ्या टोपलीतली?" "हो."

ती खाली बसली. म्हणाली, "मी त्याला रोज शिव्या दिल्यात, साप्तो. रोज. तांदूळ धुताना. पाच वर्षं."

नंतर तिनं ते कार्ड आरशातून काढलं, पदरानं पुसलं आणि परत खोचलं. तेव्हाही तिला मी सांगितलं नाही की त्यावर फक्त पिस्टनचं माप आहे.

बाबा अजून बोललेले नाहीत. ताट माझ्या हातून घेतात. काल रताळं दिलं तर अर्धं मोडून माझ्या ताटात परत टाकलं. यातून काय समजायचं ते मला कळत नाही. तुला कळलं तर कळव, आकड्यात लिहिलंस तरी चालेल.

साप्तोनो


करंगसारी
रविवार, पाहिंगचा बाजार, १९ मार्च १९९५

कांग,

या पत्रावर तिकीट नाही. ते का, हे पुढे येईल.

मागच्या रविवारी बाबा गॅरेजमध्ये आले. मिनीबसनं, एकटे, काठी घेऊन. पाच वर्षांत ते मशिदीच्या पलीकडे गेलेले मी पाहिले नव्हते. पाक कास्दी गडबडीनं खुर्ची शोधायला लागले. बाबा म्हणाले, "खुर्ची नको, हा पाय खुर्चीचं ऐकत नाही." मग माझ्याकडे वळले. "चालते म्हणतात."

"चालते."

"कोण चालवतं?"

"पाक कास्दी."

"का? तुझे पायसुद्धा असेच आहेत का?"

मी हातातला पाना खाली ठेवला. ते काठीवर भार देऊन, वाकता येईल तेवढे वाकून मागच्या चाकाकडे बघत होते. "पिन दाखव." मी दाखवली. त्यांनी बोट लावलं, दोन्ही टोकं चाचपली, मग चाक हातानं फिरवलं, मग पट्टी धरून हलवली. हे सगळं त्यांनी दोनदा केलं. मग म्हणाले, "बस पुढे."

ते मागे एका अंगानं बसले, पाय बाहेर काढून, काठी आडवी धरून. पाक कास्दी म्हणाले, "चाळिशीच्या वर नेऊ नकोस रे, दोनशे किलोमीटर राहिलेत अजून." बाबा म्हणाले, "चाळीस? हा पंधरावर गेला तरी मी मशिदीत नारळ देईन."

मी बारावर नेली. पूर्ण बाजार ओलांडेपर्यंत दोन्ही बाजूंच्या बायका बघून हसत होत्या. चढ लागला तशी पहिल्यात टाकली. बाबांचा हात माझ्या कमरेवर होता. वळणापाशी ते म्हणाले, "थांब." तेच वळण, भिंतीचं. उतरले. भिंतीचा एक दगड अजून निखळलेलाच आहे. बाबा खाली, उताराकडे तोंड करून उभे राहिले आणि बोलले. मी जसंच्या तसं लिहितो, कारण हे तुला तसंच पोचायला हवं.

"उताराला लागायच्या आधी गाडी थांबवायची, चाक हलवून बघायचं, हे मी अख्ख्या गावाला शिकवलं. त्या दिवशी टेम्पे उशिरा निघालं होतं, बाजार भरला होता. मी बघितलं नाही. बघितलं असतं तर पट्टी हलताना दिसली असती, काडी तुझी असो की कुणाची. पडल्या पडल्या मला ते पहिलं आठवलं. ते मला माझ्या तोंडून सांगता येईना. विर्यादी समोर होता, जवान होता, जोरात आला होता. त्याच्यावर टाकायला सोपं होतं."

 एक कोबीचा ट्रक गेला.

"मी त्याला म्हणालो होतो, बोलावेपर्यंत येऊ नको. पोरगा शब्दाला पक्का निघाला."

मी म्हणालो, "तुम्ही सांगा, मी पत्र लिहितो. आज रात्रीच लिहितो."

"धाकट्यानं मोठ्याची माफी कशी मागायची ते सगळ्यांना ठाऊक आहे," बाबा म्हणाले. "गुडघे टेकायचे, डोकं ठेवायचं. बापानं पोराची कशी मागायची? ते कुणी शिकवलंय? पत्रात लिहून होणारं काम नाही ते. चल, गाडी फिरव. आणि उतारावर दोन्ही ब्रेक वापर, एकट्या मागच्यावर भरवसा ठेवू नको."

उतारानं मीच आणली. थेट गॅरेजच्या दारापर्यंत.

त्या दिवसापासून घरात दुसरा विषय नाही. आई म्हणते, "मागेलांगला जायला सांगितलं तर पाय दुखतो, आणि आता समुद्र?" बाबा म्हणतात, "समुद्रात चालायचं नसतं, बसायचं असतं." गिरणीवाला सुतार्जो ईदला आलेला आहे, तो मंगळवारी सेमारंगहून जहाजानं परत साम्पितला निघतोय. बाबा त्याच्याबरोबर येतायत. आईनं कच्चं टेम्पे बांधून दिलंय, केळीच्या पानात. ती हिशेबानं म्हणते की जहाज लागेपर्यंत ते बरोबर तयार झालेलं असेल, तू ते त्याच दिवशी तळून खा. हिरवी मिरची तिथे मिळते का, हे तिनं तीनदा विचारलं.

बदक मी ठेवून घेतलंय. बाबा म्हणाले, आवाज दारात आला तरी चालेल. आज सकाळी चारशे छत्तीस झाले.

आता राहिलेलं महत्त्वाचं. बाबा तुला सांगतील की ते घराच्या दाराला फळ्या बघायला आलेत. सुतार्जोलाही त्यांनी तेच सांगितलंय. तू हो म्हण, एखादी फळी दाखव. गेल्या चार दिवसांत मी त्यांना दोनदा पाहिलंय, मागच्या खोलीत, भिंतीला धरून, तो पाय वाकवून बघताना. तो वाकत नाही, कांग. ते तुझ्यासमोर खाली बसायचा प्रयत्न करतील. ते बसायच्या आत तू बस.

हे पत्र ते स्वतः तुझ्या हातात देतील आणि जरा बाजूला जाऊन दुसरीकडे बघत उभे राहतील. तू वाचून होईपर्यंत बसायचं नाही, हे त्यांनी इथूनच ठरवलंय. आईला म्हणाले, वाचताना त्याच्या तोंडाकडे बघायला मला जमणार नाही. फार वेळ उभं राहिलं की गुडघ्यात कळ येते, आणि ते तसं सांगणार नाहीत. मला अजून पुष्कळ लिहायचं होतं, दोन कोरी पानं बाजूला काढून ठेवली होती. पण ते उभे आहेत, म्हणून इथेच थांबतो.

साप्तोनो